वीतभर सैल दावं

"दावं आखूड बांध, लेका! हा तुझ्या बापाचा गोठा नाही, बोट आहे," टूहिग मुकादम खेकसला. "खवळलेल्या समुद्रात बैल वळला की आडवं येईल त्याला चिरडतो. आपण होऊन 'ये रे बैला, मला मार' कशाला म्हणायचं?"

फिन्टनने लाल बैलाचं दावं आखूड केलं. बॉस्टनहून लिव्हरपूलला निघालेल्या या गुरांच्या बोटीवर तो आणि धाकटा ओवन वैरणपाण्याच्या कामावर चढले होते. भाड्याला दमडी नव्हती, आणि आयर्लंडमध्ये आई अंथरुणाला खिळली होती. तिला दोन्ही पोरं एकदा डोळे भरून बघायची होती.

लाल बैलाचे पाय उभं राहून सुजले होते. फिन्टनच्या गावात दमलेल्या गुराला बसू न देणं म्हणजे पाप. मुकादमाची पाठ वळताच त्याने दावं वीतभर सैल सोडलं. बैल गुडघे मोडून बसला.

"दादा, मुकादमानं बघितलं तर सोलून काढेल तुला," ओवन म्हणाला.

"तू नको बोंबलूस. समुद्र बघ, कसा गप्प पडलाय!"

गप्प होता खरा. पण गुरांनी वैरणीला तोंड लावणं थांबवलं होतं. वादळ जवळ आलंय, हा त्याचा अर्थ शेतकऱ्याच्या पोराला कळत होता. त्याने तो मनावर घेतला नाही.

दुपारी समुद्र उसळला. डेकवरची झाकणं बंद झाली, खाली गुरांच्या मजल्यावर शेणाची वाफ कोंडली. बोट कलली तसा लाल बैल धडपडून उठला आणि दोन ओळींमधल्या बोळात आडवा वळला. ओवन तिथेच पाणी पाजत होता.

"दादा!" एवढंच ऐकू आलं. मग फळ्या कडाडल्या.

ओवनला बाहेर ओढलं तेव्हा त्याला धड श्वास घेता येत नव्हता.

"दावं कुणी सैल केलं?" मुकादम ओरडला.

"मी," ओवन म्हणाला. फिन्टनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. थोड्याच वेळात त्याने प्राण सोडला.

फिन्टनचं काळीज फाटलं. "खोटं बोलला तो. मी केलं."

मुकादमाने ओवनचे डोळे मिटले. "आईला सांग, समुद्रानं नेला."

"नाही. तिला मी खरंच सांगणार."

ओवनच्या ओळीतली गुरं तहानेने हंबरू लागली होती. फिन्टन उठला आणि एकेकाला पाजत निघाला. लाल बैलापाशी तो थांबला. मग त्याच्याही तोंडासमोर त्याने बादली धरली.