माठाला मिशा

बसा भिया, त्या पालथ्या बालटीवर बसा. रिंग पुरती आउट झालीय तुमची, एकेक स्पोक ओढून सरळ करावी लागेल. तोवर एक किस्सा ऐका. फुकट आहे, पण अर्धा सोडून उठायचं नाही. तुमच्या हँडलला तो रूटचा कागद लटकलाय ना, राजवाडा ते मानपुर, मधे सहा ऐतिहासिक ठिकाणं? त्यातलं चौथं वाचा. 'शिरविहीन वीर धोंडोजी समाधी.' वाचलं? हा धोंडोजी कुठल्या लढाईत मेला ते त्या कागदावर छापलंय. जन्मला कुठे ते मी सांगतो. दिवाकरच्या रागातून जन्मला.

दिवाकर म्हणजे स्नेहलतागंजातला. सदुसष्ट वय. जवानी सगळी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे मागावर गेली. साच्यांच्या खडखडाटात ओरडून बोलायची आदत पडली ती मिल बंद झाली तरी सुटली नाही. 'पोहे द्या' म्हणाला तरी समोरच्याला वाटतं भांडायलाच आलाय. आणि निम्म्या वेळा तो भांडायलाच आलेला असतो, ते वेगळं.

हा माणूस दर रविवारी आपली काळी जड सायकल काढून महूच्या पुढे जायचा. मोठा रस्ता सोडून आत जुनी गाडीवाट आहे. चढ चढा, उतार उतरा, परत चढ, दोन्हीकडे गहू नाहीतर सोयाबीन. तिथे एका लिंबाखाली विहीर आहे आणि विहिरीला लागून दगडी ओटा. तो ओटा दिवाकरच्या पणजीचा. अंबिका तिचं नाव. नवरा मेला, सासरच्यांनी कडेवरच्या पोरासकट बाहेर काढली. ती त्या विहिरीवर येऊन बसली आणि येणाऱ्या-जाणाऱ्या गाडीवानांना पाणी पाजायला लागली. चाळीस वर्षं. जात विचारली नाही कोणाला, म्हणून गावाने तिच्या हातचं बंद केलं. गाडीवानांनी नाही केलं. ती गेली तेव्हा त्यांनीच गाडीत घालून एकेक दगड आणला आणि ओटा रचला. नाव कोरायला कोणाला लिहिता येत होतं? वरच्या दगडावर तिचा माठ कोरला. गोल पोट, आखूड गळा, वर काठ. बस.

दिवाकर तिथे जाऊन विहिरीचं पाणी काढायचा, माठावर एक लोटा ओतायचा, एक स्वतः प्यायचा, परत यायचा. घरात बाकी कोणाला त्याचं काही नव्हतं. त्याची सून निवेदिता तर म्हणायची, "बाबा, फोटो लावा ना घरात, रोज पाणी घाला. छप्पन्न किलोमीटर कशाला?"

तर एका रविवारी हा पोचतो, तो ओट्याला वीसेक चकाचक सायकली टेकवलेल्या. विजय नगरकडची टोळी. आणि एक जण चक्क माठावर पाय ठेवून बुटाची लेस बांधतोय.

"पाय खाली घे!" दिवाकर ओरडला.

"हळू काका. आम्ही बहिरे नाही."

"मग आंधळा असशील. कोरलेलं दिसत नाही?"

हा रजत. टोळीचा म्होरक्या. पुण्याहून नोकरीला आलेला, दोन वर्षं झाली असतील. त्याने पाय घेतला, पण असा घेतला की जणू मेहरबानी.

"काय आहे हे?" त्याने विचारलं.

दिवाकरने सांगितलं. खरंखरं सांगितलं, पणजीचं नाव, पाणी, गाडीवान, सगळं. आवाज कमी करून सांगितलं, हे लक्षात ठेवा. असं तो कधी करत नाही.

रजत मागे वळून दोस्तांकडे पाहून हसला. "हेरिटेज रूट बनवतोय काका आम्ही. नळयोजना नाही."

सगळी टोळी हसली.

"आणि आधी मराठी तरी धड बोला. 'निकालली', 'पाणी पिलवलं', हे काय?"

"आमची मराठी इथल्या मातीत वाढली, भिया. तुझ्यासारखी डब्यात पॅक होऊन नाही आली."

"बरं, ते राहू द्या. होळकरांचं काही कनेक्शन? लढाई वगैरे? हे गोल काय आहे, तोफेचा गोळा?"

इथे दिवाकरचं डोकं फिरलं. "गोळा नाही रे, मुंडकं आहे मुंडकं!"

पलक नावाची एक पोरगी होती, तिने व्हिडिओ घ्यायला झट मोबाइल वर केला.

"कोणाचं मुंडकं?" रजतचे डोळे चमकले.

"सरदार धोंडोजीचं! मानपुरच्या घाटात मान उडाली, तरी घोडा नाही थांबवला गड्याने! मुंडकं काखेत धरून इथवर आला आणि विहिरीवर पाणी मागितलं!"

"मागितलं कसं? मुंडकं तर काखेत."

"काखेतूनच मागितलं!"

दिवाकरला वाटलं, आता तरी यांना कळेल की आपली खेचली जातेय. एकही जण हसला नाही. पलक म्हणाली, "काका, अंगावर काटा आला." दिवाकरने मनात म्हटलं, यायलाच पाहिजे, बाभळीचा यायला पाहिजे. पाणी घातलं आणि निघाला. इथे येऊन, तुम्ही बसलाय त्याच बालटीवर बसून मला सांगितलं. आम्ही दोघं खोकला येईस्तोवर हसलो. काय माहीत होतं.

मग दिवाकरचं मोतियाबिंदाचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने सायकल बंद केली, धूळ बंद, वाकणं बंद. तीन महिने हा घरात. चौथ्या महिन्यात नवा डोळा घेऊन गेला, आणि त्या नव्या डोळ्याला पहिलं दिसलं काय? बोर्ड. लोखंडी, निळा, टोळीने लावलेला. धोंडोजी, घोडा, काख, सगळं त्यावर. आणि माठ? माठाला बोटभर शेंदूर. वर चांदीचा वर्ख. दोन पांढरे डोळे चिकटवलेले. आणि खाली काळ्या ऑइल पेंटने, या कानापासून त्या कानापर्यंत, मिशा.

पणजीच्या माठाला मिशा, भिया.

समोर गावातल्या कस्तुरीबाईची नवी गुमटी, टपरीच म्हणा. आधी ती सडकेवर बसून भाजी विकायची. आता चहा, पोहे, नारळ, अगरबत्ती. दर मंगळवारी गाव तिथे चोला चढवायचं, शेंदराचा एक थर अजून. रविवारी सायकलवाले.

दिवाकर सायकल वळवून परत आला, पुढच्या रविवारी रॉकेलची बाटली आणि फडकं घेऊन गेला. टोळी यायच्या आत काम उरकू म्हणाला. मिशीचं एक टोक पुसलं असेल नसेल, कस्तुरीबाई गुमटीतून किंचाळली.

"ओ बा! कई कर रिया हो? बाबजी की मूछ पोंछे!"

धोंडोजी आता बाबजी, म्हणजे गावचा देव झाला होता. गाव धावलं. कोणाच्या हातात काठी, कोणाच्या हातात नुसती शिवी. दिवाकर ओट्याला पाठ लावून उभा.

"बाबजी नाही हा! माठ आहे! माझ्या पणजीचा माठ!"

"थारी पणजी के मूछ थी कई?" कोणीतरी ओरडलं आणि सगळे फिदीफिदी हसले. हसणारा जमाव पाहिलाय तुम्ही कधी? ओरडणाऱ्यापेक्षा वाईट असतो.

तेवढ्यात टोळी आली. दिवाकरला, खोटं कशाला बोलू, वाटलं की शिकलेली पोरं आहेत, ऐकतील.

"रजत, सांग यांना. मी पहिल्यांदा काय सांगितलं होतं तुला? पाणी पाजणारी बाई सांगितली होती की नाही?"

रजतने हेल्मेट काढलं. इकडे गाव, तिकडे त्याची माणसं, मधे बोर्ड. त्या बोर्डावर खाली त्याचं नाव होतं, संशोधन म्हणून.

"काका, मला तर हे आठवतंय," तो म्हणाला आणि सायकलवरच्या गाण्याच्या स्पीकरला मोबाइल जोडला.

आता स्पीकरमधून दिवाकरचाच आवाज, पलकने तेव्हा घेतलेला. माइकची गरज नसलेला आवाज. लिंबावरचे पक्षी उडाले. "मुंडकं काखेत धरून इथवर आला! काखेतूनच मागितलं!" सगळ्या गावाने ऐकलं. दिवाकरनेही ऐकलं. राग त्यात कोणाला ऐकू येईना. ऐकताना खरंच वाटत होतं, कोणी म्हातारा डोळ्यांनी पाहिलेलं सांगतोय.

"ते खोटं होतं! मी रागात बोललो!"

"म्हणजे तेव्हा खोटं बोललात," रजत शांतपणे म्हणाला. "मग आत्ता खरं बोलताय कशावरून?"

दिवाकर फडकं घेऊन परत मिशीकडे वळला. 

कस्तुरीबाई पुढे आली. बाबजींनी तुमच्याच तोंडून कथा वदवली, आणि तुम्हीच त्यांची मिशी पुसता, पाप लागेल, असं काहीसं बोलली. तिचं तिच्या जागी खरं होतं. ऊन-पावसात सडकेवर बसलेली बाई, तिच्या डोक्यावर धोंडोजीने छत घातलं होतं. पण बोलता बोलता तिने रॉकेलची बाटली विहिरीत फेकली, आणि बाटलीमागे कोणीतरी दिवाकरची सायकल उचलून दगडावर आपटली. ते वर खुंटीला वाकडं चाक लटकलंय ना, तेच. सरळ होत नाही ते. मीच काढत नाही तिथून.

मग माफी मागायला लावली. नारळ फोडायला लावला. रजतची पोरं मोबाइल धरून उभी. दिवाकर वाकला, त्या मिशीसमोर डोकं टेकवलं. तेव्हा शेंदरात बोट गेलं त्याचं, आणि बोटाला काठ लागला. माठाचा काठ. अजून होता आत.

"अंबिकाबाई," तो पुटपुटला, "तोंड माझंच नासकं ग."

गावाने बजावलं, परत दिसलास तर सायकलीबरोबर तूही. तो गेला नाही परत. सून म्हणते बरं झालं. दिवाकरने रजतला दोनदा फोन केला, दोनदा रजतने ठेवला. बोर्ड तिथेच आहे, आणि दर मंगळवारी शेंदराचा थर चढतोय. दिवाळीपर्यंत तो काठ बुजेल. मग ते खरंच मुंडकं होईल, आणि माठ होता हे दिवाकरलासुद्धा सिद्ध करता येणार नाही.

हं, फिरवा चाक. बघा, कुठे घासतंय? नाही ना? झालं.

तुम्ही रविवारी जाताय. तिथे कोणी ओळखत नाही तुम्हाला. भांडू नका, पुसू नका, दिवाकरचं नाव तर घेऊच नका. फक्त पाया पडायच्या बहाण्याने वाका, बाटलीतलं दोन घोट पाणी त्यावर ओता, आणि शेंदरात बोट घालून काठ सापडतो का बघा. सापडला तर बाजूला जो कोणी उभा असेल त्याचं बोट धरून तिथे लावा, आणि साधेपणाने एवढंच विचारा, की भिया, मुंडक्याला काठ कसा असतो? एवढं विचाराल का माझ्यासाठी?