एक किलो आठशे पन्नास

कोंबडीवाल्याने सुरी उचलली, तशी ती घाईघाईने म्हणाली, "काका, पिसं काढू नका. अख्खीच द्या. आणि वजन एक किलो आठशे पन्नास ग्रॅम, बरोब्बर."

त्याने सुरी खाली ठेवली. सहा कोंबड्या तोलल्यावर हवी तशी एक सापडली. मागच्या दोन सोमवारीही हेच झालं होतं आणि शेजारचा भाजीवाला जादूटोण्याची शंका घेऊ लागला होता. शेवटी कोंबडीवाल्याने विचारलंच, हिचं करता काय?

तिला सांगावं लागलं. चार वर्षं घासून तिने एरोस्पेस इंजिनिअरिंगची पदवी घेतली होती. वर्गातली पोरं तिला 'रॉकेट' म्हणत. त्यातला एक उपग्रहांच्या कामाला लागला, दोघं बँकेत चिकटले आणि 'रॉकेट' मात्र विमानाच्या इंजिनांच्या चाचणी केंद्रात आली. उडत्या विमानाच्या इंजिनात पक्षी शिरतात. ते इंजिनाला झेपतं का, हे पाहायला हवेच्या तोफेतून मेलेली कोंबडी चालू इंजिनावर मारतात. तोफ चालवायला अनुभवी माणसं होती. कोंबडी आणायला सगळ्यांत नवा माणूस लागे.

कोंबडीवाल्याने कोंबडी पिशवीत घातली.

"म्हणजे एवढं शिकून तुम्ही कोंबडी फेकून मारता."

"मी नाही फेकत. मी अहवाल लिहिते," ती म्हणाली आणि पिशवी घेऊन निघाली.

घरी तिने यातलं काही सांगितलं नव्हतं. आई शाळेत गणित शिकवायची. मुलगी विमानं बनवते, असं तिने साऱ्या शिक्षकखोलीत सांगून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात चाचणीत नव्या इंजिनाची तीन पाती तुटली. इंजिन बनवणाऱ्या गिऱ्हाईक कंपनीची माणसं नाराज होऊन गेली. साहेबांनी तिला बोलावून, खुर्चीवर बसायला सांगून, फारच गोड आवाजात समजावलं की चाचणी पुन्हा घेऊ. कोंबडी मात्र जरा हलकी बघा, शे-दोनशे ग्रॅम इकडेतिकडे. अहवालात नेहमीचाच आकडा टाकायचा. नोकरीचे पहिले सहा महिने कच्चे असतात, याचीही त्यांनी जाताजाता आठवण करून दिली.

सोमवारी तिने दुकानात मान खाली घालून सांगितलं, "आज एक किलो सातशेची द्या."

कोंबडीवाल्याने तोलून काढली. पिशवीत घालताना थांबला.

"का हो, वजन उतरलं?"

"साहेबांनी सांगितलंय."

"बरं." त्याने पिशवी पुढे केली. "वरच्या पाखरांना कळवलंत का?"

तिला हसू फुटलं. मग ते ओठांवरच थिजलं. मागे दोन गिऱ्हाईकं खोळंबली होती. तिने पिशवी परत काट्यावर ठेवली.

"काका, नेहमीची द्या."

दुपारी तोफ उडाली. या वेळी चार पाती तुटली. साहेबांनी कोंबडीच्या वजनाची चिठ्ठी वाचली, चष्मा काढला, पुन्हा वाचली.

"हलकी मिळाली नाही?"

"मिळत होती. मी घेतली नाही."

साहेबांनी चिठ्ठी तिच्या हातात परत दिली. त्यांनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. तिने टेबलाशी परत येऊन अहवालाच्या शेवटच्या रकान्यात 'अनुत्तीर्ण' असं लिहिलं आणि खाली सही केली.

संध्याकाळी आईचा फोन आला. आज काय केलंस, या रोजच्या प्रश्नाला रोजचं उत्तर तिच्या तोंडी आलं होतं, पण तिने ते गिळलं. तोफ, कोंबडी, साहेब, सगळं सांगून टाकलं. उद्या नोकरी असेल की नाही माहीत नाही, हेही.

मग आईने अगदी शाळेतल्या आवाजात विचारलं, "म्हणजे तू इंजिनाला नापास केलंस?"

"हो."

"पुन्हा बसता येतं ना त्याला?"

"येतं."

"मग झालं तर. अभ्यास करून येऊ दे."