हलकं हिलियम

युहानुसच्या, म्हणजे फिनलंडमधल्या भर उन्हाळ्याच्या सणाला ओटानिएमीच्या विद्यापीठात चिटपाखरू उरत नाही. सगळे तळ्याकाठच्या झोपड्यांमध्ये, सौनात घाम काढत नाहीतर बिअर पीत बसलेले. प्रयोगशाळेत एकटी सायमी, आणि समोर तिच्या बापानं, व्होइट्टोनं, तरुणपणी स्वतःच्या हातानं जोडलेलं शीतयंत्र.

त्या यंत्राचा जीव म्हणजे दोन हिलियमचं मिश्रण. एक साधं, जड. दुसरं हलकं आणि इतकं दुर्मीळ, की ते बॉम्बच्या मालातूनच निघतं आणि त्यासाठी अणुबॉम्ब बाळगणाऱ्या देशांपुढे हात पसरावे लागतात. हे हलकं हिलियम जडात मिसळताना भोवतालची उष्णता ओढून घेतं. पंपानं ते उपसायचं, थंड करून पुन्हा आत सोडायचं. असं फिरत राहिलं, की खाली जी थंडी पडते तशी अंतराळातसुद्धा सापडायची नाही.

व्होइट्टोचा दंडक एकच. यंत्र सोडून उठायचं तर मिश्रण आधी टाकीत परत घ्यायचं. बायको बाळंतपणाला अडली होती तेव्हाही हा बाबा मिश्रण टाकीत घेऊन मगच दवाखान्यात पोचला, सायमी जन्मल्यावर. असला खवीस माणूस! आणि तरी सायमीनं त्याच्यापायीच हे काम धरलं. एकदा तरी त्यानं आपल्याला जवळ घ्यावं, एवढीच त्या पोरीची आस होती.

दुपारी व्होइट्टोला ठेवलं होतं त्या दवाखान्यातून फोन आला. त्याचा श्वास संपत आला होता, भेटायचं तर लगेच या म्हणाले. बदली बसवायला कुणी नव्हतंच. सायमीनं घाईघाईनं, मिश्रण वायू होऊन निघावं म्हणून, यंत्र तापायला लावलं, मिश्रण टाकीकडे वळवलं आणि धावत सुटली.

बाप शुद्धीवर होता. त्यानं तिच्याकडे नीट बघितलं.

"मिश्रण टाकीत घेतलंस?"

"घेतलं, बाबा."

"टाकीचा काटा कितीवर होता?"

काटा सायमीनं बघितलाच नव्हता. टाकीचा व्हॉल्व्ह तिनं उघडलाच नव्हता. आत वायू कोंडत चालला असणार. दाब फार वाढला की सुरक्षेचा व्हॉल्व्ह उघडतो, आणि सगळं छपरावरून हवेत जातं.

बाप काय ते समजला. "मग इथं काय करतेस? जा."

"खड्ड्यात जाऊ दे ते यंत्र. मी तुमच्यापाशी बसते."

"मी काय, जाणारच आहे. ते हिलियम पुन्हा कुणी देणार नाही. जा म्हणतो ना."

त्यानं भिंतीकडे तोंड फिरवलं. मला तर त्या म्हाताऱ्याचा संताप येतो. पण बापाचा शब्द मोडायचा कसा, हे सायमीला कधी शिकताच आलं नव्हतं. ती गेली.

हिलियमला ना वास, ना रंग. प्रयोगशाळेत सगळं जसंच्या तसं दिसत होतं. तिनं टाकीचा व्हॉल्व्ह उघडला. काटा जागचा हलला नाही; आत यायला काही उरलंच नव्हतं. ती तिथंच फरशीवर बसली आणि हमसून हमसून रडली.

तेवढ्यात फोन वाजला. नर्स होती. व्होइट्टो गेले, म्हणाली. जाताना थोडं बरळत होते.

"यंत्राचं काही बोलले का?" सायमीनं विचारलं.

"नाही हो. पोरगी अजून आली कशी नाही, असं सारखं विचारत होते."