कृष्णात मिस्त्रीचं परमिट

"डॉक्टरसाहेब, नीट बघा की. असंल कुठंतरी," कृष्णात मिस्त्री काकुळतीला येऊन म्हणाला.

डॉक्टरांनी तिसऱ्यांदा त्याच्या छातीला नळी लावली आणि लगेच ती काढून दोन्ही कान चोळले. एवढा मोठा ठोका त्यांनी उभ्या जन्मात ऐकला नव्हता. मग जीभ बघितली, डोळे बघितले, पोट दाबलं. त्यात त्यांचंच बोट दुखावलं.

"तुला काहीही झालेलं नाही," ते म्हणाले. "आणखी साठ वर्षं होणार नाही. ऊठ."

मी आणि गुंडूनं बाकावर बसल्या बसल्याच कपाळाला हात लावला.

बासष्ट सालची गोष्ट. दारूबंदी होती. बाटली हवी तर परमिट हवं, आणि परमिट हवं तर ह्या इसमाला प्रकृतीसाठी दारूची गरज आहे, असं डॉक्टरनं लिहून द्यायला हवं. मला आणि गुंडूला ते पहिल्याच फेरीत मिळालं होतं. गुंडू मूळचा हुपरीचा, पैंजण घडवणारा. फुंकणी फुंकून त्याच्या छातीचं पार खोकं झालेलं. मी शाळामास्तर, माझ्या पोटात आजारांनी धर्मशाळाच काढलेली. पण आमच्या घरी पेला काढायची सोय नव्हती. त्याच्याकडे आई, माझ्याकडे सासू. घर होतं ते कृष्णातचं, शुक्रवार पेठेत, रस्त्यालगत. आणि नेमका तोच ठणठणीत!

म्हणून आम्ही रविवारी त्याच्याकडे दार लावून बसायचो. व्हिस्की कपबशीत. फटीतून कुणी डोकावलंच तर चहा वाटावा म्हणून बशीत ओतून फुंकर मारायची. ही सवय इतकी अंगात मुरली, की एका लग्नाच्या पंगतीत गुंडूनं मठ्ठ्यावर फुंकर मारली होती. चिमणावहिनी, म्हणजे कृष्णातची बायको, शेजारच्या बाळाबाईंना सांगायच्या, "ह्यांचं पोट बिघडलंय, मास्तर भेटाय आल्यात." मग बाळाबाई ओव्याची पूड आणून द्यायच्या. कृष्णात ती मुकाट्यानं गिळायचा.

तसा तो सगळंच मुकाट्यानं करायचा. पंप दुरुस्त करायला सायकलनं पार गारगोटीपर्यंत जाणारा हा गडी दिवसाकाठी दहा शब्द बोलायचा. त्यातले निम्मे 'पाना कुठाय' असायचे. पण एका रविवारी पूड गिळून झाल्यावर त्यानं बशी खाली ठेवली.

"माझंच घर, मीच कमावतोय, आन् मीच चोर व्हय? दार उघडं टाकून एक घोट घेतल्याबिगर म्या मरणार न्हाय."

"मग तू अमर झालास लेका," गुंडू म्हणाला.

त्यातून ही दवाखान्याची वारी. नकार घेऊन आम्ही पायऱ्या उतरतो तोच डॉक्टरीणबाईंनी हाक मारली. बंगल्यामागच्या विहिरीवरची मोटार सकाळपासून नुसती फिरतेय, पाण्याचा थेंब नाही.

कृष्णातनं बाह्या सारल्या. पेचकसाचं टोक पंपाला टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. मागोमाग आलेले डॉक्टर बघतच राहिले. "अरे, तूही आमच्यासारखाच ऐकतोस की! काय झालंय तिला?"

"कायबी न्हाय. धडधाकट हाय. पंपानं हवा धरलीया. मग नुसतंच फिरतंय, पाणी वर येत न्हाय."

त्यानं पंपावरचं बूच काढलं, आत दोन तांबे पाणी ओतलं, बूच आवळलं आणि बटण दाबलं. पाणी असं उसळलं, की वीस फुटांवर उभ्या डॉक्टरांचा कोट भिजला. गुंडू म्हणतो, नुसते बूट. त्याला लांबचं नीट दिसत नाही.

मग कृष्णात हात पुसत म्हणाला, "सायेब, माझं बी असंच हाय. धडधाकट हाय, पर हवा धरलीया. वरनं जरा ओतल्याबिगर आतलं कायबी वर येत न्हाय."

"आजवर कधी ओतलंच नाहीस?" डॉक्टरांनी डोळे बारीक केले.

"ओतलंय की. पर दार लावून. दार लावलं की परत हवा धरतीया."

डॉक्टरांनी कोटाचं पाणी पिळलं. मग आत जाऊन त्यांनी लिहून दिलं. आजाराचं नाव इंग्रजीत होतं आणि एवढं लांब होतं, की परमिटच्या कचेरीतला साहेब वाचताना मध्ये एकदा पाणी प्यायला.

पुढच्या रविवारी, सकाळी अकरा वाजता आम्ही शुक्रवार पेठेत पोचलो, तर कृष्णातनं दाराच्या दोन्ही फळ्या उचकटून बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेल्या.

"अरं, नुसतं उघडायचं होतं की," मी म्हणालो.

"उघडलेलं दार कुणीबी लावतंय, मास्तर."

उंबऱ्याच्या आत स्टूल, स्टुलावर बाटली, बाटलीवर ऊन. त्यानं तीन काचेचे पेले भरले. आम्ही उचलले, आणि तिघांनीही एकदमच त्यावर फुंकर मारली. समोरून बाळाबाई ओव्याची पूड घेऊन येत होत्या. त्या तिथंच थिजल्या. आणि त्यांच्या मागं एक हवालदार सायकलवरून उतरला.

"काय चाललंय?"

खाकी दिसली की कृष्णातची जीभ टाळ्याला चिकटायची, हे अख्ख्या पेठेला ठाऊक होतं. त्यानं एक घोट घेतला. उठून उभा राहिला.

"व्हिस्की पितोय!" आवाज असा, की रंकाळा तळ्यावरच्या म्हशींनी माना वर केल्या असतील. "हे घर माझं, हे परमिट माझं. हे दोघं माझं दोस्त, त्यांची बी परमिटं हायती. वाचा."

हवालदारानं तिन्ही कागद उलटसुलट वाचले.

"आणि दार कुठाय?"

"काढून ठेवलंय. तुमास्नी वाजवायचा तरास नको."

हवालदार मिशीतल्या मिशीत हसला, कागद परत दिले आणि सायकलवर बसला.

कृष्णात खाली बसला आणि बोलायला लागला. नेसरीच्या कुठल्या विहिरीत उतरताना दोर कसा तुटला, आणि वर येईपर्यंत तीन तास तो तळाशी एका कासवाशी काय बोलत बसला. लग्नाआधी चिमणावहिनींना बघायला जाताना वाटेत कुणाचा पंप दुरुस्त करायला थांबला आणि ग्रीसच्या हातानंच पोहे कसे खाल्ले. बाळाबाई पुडीसकट उंबऱ्यावर टेकल्या. येणारे-जाणारे थांबले. दुपारचा एक वाजला तरी त्याचा पेला जवळजवळ भरलेलाच होता.

चिमणावहिनी पळी हातात घेऊन आतून बाहेर आल्या आणि भिंतीला टेकून ऐकत राहिल्या.

"भावजी," त्यांनी मला हळूच विचारलं, "बावीस वर्सं झाली लग्नाला. ह्यांस्नी एवढं बोलाय येतंय व्हय?"

मी काही म्हणायच्या आत त्या तिथंच जमिनीवर बसल्या, त्याच्याकडे तोंड करून. आत तांबडा रस्सा करपल्याचा वास यायला लागला. कुणीच उठलं नाही.