चिंचोऱ्यांचे बैल

कमलाकर तुंगार हा चित्रकथाकार मला कधीच आवडला नाही, आणि ही गोष्ट मी मिरजगावात कुणापासून लपवलीही नाही. त्याचा सिंहकेतू हातात गदा घेऊन दर आठवड्याला एक राक्षस मारत असे. पोटावर आठ वळ्या, मांड्या रांजणासारख्या, मान जवळजवळ नाहीच. असा माणूस शाळेच्या बाकावर बसवला तर बाक मोडेल, एवढंच काय ते त्या चित्रांत पटण्यासारखं होतं.

अनंत चिंचोरे त्याच काळातले. त्यांच्या 'खळ्यावरचा गोप्या'त राक्षस नव्हते. शेळ्या होत्या, बैल होते, विहीर होती, फडक्यात बांधलेली भाकरी होती. रेघा इतक्या कमी की निम्मा कागद कोराच राही. या दोघांत थोर कोण, यावर आमच्या लहानपणी मैत्र्या तुटत. माझ्यापुरतं ते भांडण केव्हाच मिटलं होतं. चिंचोरे बघून काढत आणि तुंगार फुगवून काढी.

ते भांडण यंदा पुन्हा उकरलं गेलं, ते आमच्या वाचनालयाच्या भिंतीमुळे. बालविभाग सुरू व्हायचा होता आणि हायवेकडच्या भिंतीवर एका थोर चित्रकथाकाराचं चित्र मोठं करून काढायचं ठरलं होतं. काढणार होती माझ्या शनिवारच्या चित्रकलेच्या वर्गातली मुलं. कुणाचं काढायचं, यासाठी बैठक भरली.

अध्यक्ष काकासाहेब. अकरा वर्षं वाचनालयाचे अध्यक्ष आहेत आणि या अकरा वर्षांत त्यांनी एक पुस्तक घरी नेलं, तेही टेबलाच्या पायाखाली ठेवायला. त्यांनी नगरहून सुहास नावाचा एक तरुण बोलावला होता. तो चित्रकथांचा अभ्यासक होता, म्हणजे त्याच्याकडे लॅपटॉप होता.

"तुंगारांच्या प्रत्येक फ्रेममध्ये एनर्जी आहे, मॅडम," सुहास म्हणाला. "चिंचोरे त्या मानाने स्टॅटिक."

"उभा बैल स्टॅटिकच असतो," मी म्हटलं. "तुम्ही पाहिलाय का कधी?"

काकासाहेब हसले. "बाई, तुमचं खरं असंल. पण येष्टीतून जाणाऱ्याला लांबून दिसलं पायजे. सिंहकेतूची छाती कशी, पार टोलनाक्यावरनं दिसंल. गोप्याची शेळी कुनाला दिसणार?"

"मग मुलांना विचारा," मी म्हणाले.

"विचारा की! पोरं सिंहकेतूच मागत्यात का न्हाई बघा."

त्यांना खात्री होती, आणि मला त्यांच्याहून जास्त होती. ग्रंथपाल सहादेवने ठराव लिहिला: मुलांनी निवडलेल्या कलाकाराचे चित्र भिंतीवर काढावे. काकासाहेबांनी न वाचता सही केली. वाचून सही करण्याची त्यांची पद्धत नाही.

मला खात्री होती ती माझ्या वर्गाच्या रीतीमुळे. आमच्याकडे कुठल्याही चित्राचा पडताळा घेतात. चित्रातल्या वस्तूंची वहीत यादी करायची, ती वस्तू खरी जिथे असेल तिथे जाऊन बघायची आणि यादीत बरोबर किंवा चूक अशी खूण करायची. वस्तू आता उरली नसेल, तर ती वापरलेल्या माणसाला गाठायचं. मागे पार्थने एका कॅलेंडरवरच्या शेळीचा पडताळा घेतला होता. शेळीला वरचे पुढचे दात नसतात, आणि ती तर दातांच्या मंजनाची जाहिरात केल्यासारखी हसत होती. असल्या पडताळ्यापुढे तुंगार दोन मिनिटं टिकला नसता.

मुलांना दोन पानांच्या झेरॉक्स दिल्या. तुंगारचं पान सुहासनेच निवडलेलं: सिंहकेतू एका विहिरीजवळ पाय फाकून उभा, समोर राक्षस. विहिरीला विहीर हवी, म्हणून मी गोप्याचं मोटेचं पान दिलं. मोट म्हणजे विहिरीतून पाणी ओढायची चामड्याची मोठी पिशवी. इंजिनं यायच्या आधी बैलजोडी ती ओढत असे. चिंचोऱ्यांच्या पानावर भरलेली मोट काठावर आलीय, पाणी सांडतंय आणि शेजारीच गोप्याचा बाप बैलांच्या पाठीवर हात ठेवून उभा आहे. तीस वर्षं मी हे पान दर वर्गाला दाखवत आले होते. याला म्हणतात निरीक्षण, असं सांगत आले होते. चिंचोरे आठ आठ दिवस शेतावर जाऊन बसत, मग पेन्सिल उचलत, हेही सांगत आले होते.

शुक्रवारी दुपारी रुपाली वही घेऊन घरी आली. सातवीतली, वर्गात सगळ्यांत बारीक बघणारी. एरवी दारातूनच बोलायला लागते, पण त्या दिवशी चपला काढायलाच तिला पाच मिनिटं लागली.

"बाई, आजी म्हणती चिंचोऱ्यांचं चुकलंय."

"काय चुकलंय?"

"बैलं."

मी चष्मा घेतला आणि तिच्याबरोबर निघाले. खरं सांगायचं तर म्हातारीची नजर गेली असणार, असं मनाशी धरूनच निघाले.

रुपालीची आजी बनुबाई पडवीत बाजेवर बसून तूर निवडत होती. पंच्याऐंशीच्या घरातली बाई, पण तुरीतला खडा माझ्याआधी तिला दिसला.

"या बाई. पोरगी म्हनली ना तुमाला? बसा."

"आजी, तुम्ही मोट पाहिली होती?"

"पाहिली? म्या हाकलीया. माहेरी भाऊ न्हवता. बाप शेतात पान्याची दारं धरायचा, म्या बैलांमागं." तिने झेरॉक्स डोळ्यांजवळ धरली आणि खुदकन हसली. "ह्यो कुनी काढलाय? ह्याची बैलं तर हिरीत वाकून बघत्यात."

"ते दमलेत. मोट वर आलीय ना, म्हणून थांबलेत," मी म्हटलं. चिंचोऱ्यांची बाजू घ्यायला कुणीतरी हवंच होतं.

"हितंच तर घोळ हाय." बनुबाईने बाजेखालचा तांब्या काढला, त्याच्या गळ्याला सुतळी बांधली, बाजेच्या गातावरून, म्हणजे कडेच्या लाकडावरून, टाकली आणि दुसरं टोक रुपालीच्या हातात दिलं. "वड. चालत जा."

रुपाली सुतळी ओढत पडवीच्या पार टोकाला गेली, तेव्हा तांब्या वर गाताशी आला.

"आता सांगा बाई. तांब्या वर, तर पोरगी कुठं? लांब. हिरीपासनं उतार असायचा, त्याला धाव म्हनायचं. बैलं धाव उतरून पार खाली जायाची तवा मोट वर यायाची. मोट खाली सोडायची तवा मागं मागं हिरीजवळ यायाची. ह्याची मोटबी वर अन् बैलंबी हिरीजवळ. मग नाडा गेला कुठं? बैलांनी खाल्ला?"

रुपालीला हसू आलं, पण माझ्याकडे बघून तिने ते गिळलं. मी त्या पानाकडे बघत राहिले. नाडा म्हणजे मोटेचा दोर, आणि दोर तेवढाच असतो. दुसरीतल्या मुलाला कळावं असं होतं हे. तीस वर्षांत तीस वर्गांना मी ते पान दाखवलं होतं आणि एकदाही त्यावर खूण करायला कुणाला पाठवलं नव्हतं. चिंचोऱ्यांचा पडताळा कशाला घ्यायचा? आणि ते आठ आठ दिवस शेतावर बसत, हे मला कुणी सांगितलं होतं? आठवून बघितलं. कुणीच नाही. ते माझ्या मनाचं होतं.

"अन् ह्या रेड्याचं बरोबर हाय," बनुबाई म्हणाली.

"कुठल्या रेड्याचं?"

तिने दुसरं पान पुढे केलं. तिचं बोट सिंहकेतूच्या दोन पायांच्या मधे होतं. तिथे, पाठीमागे, दोन बोटांएवढ्या जागेत तुंगारने एक मोट काढली होती. भरलेली मोट काठावर, नाडा ताणलेला, बैल उताराच्या पार खाली, पुढचे पाय रोवलेले, आणि हाकणारा नाड्यावर बसलेला.

"नाड्यावर बसायचं आमी उतरताना. बैलांना जोर यायचा. हे ऐकून न्हाई जमायचं. ह्यो गडी मोटेवर ऱ्हायलाय, न्हाईतर शेजारी बसून बघितलंय त्यानं."

मी ते पान चाळीस वेळा तरी पाहिलं असेल. दरवेळी छाती बघून मिटलं होतं.

परत येताना रुपाली माझ्यापुढे दोन पावलं चालत होती. वळणावर थांबली.

"बाई, उद्या मी ते न्हाई सांगितलं तर? बाकीच्यांना मोट ठाऊकच न्हाई. गोप्याच निवडतील सगळे. मग तुमची भिंत..."

"तुझ्या वहीत काय खूण केलीस?"

"गोप्याच्या बैलांना चूक. सिंहकेतूच्या बैलांना बरोबर."

"मग तेच वाचायचं."

"तुम्हाला वाईट वाटंल."

"वाटलंय," मी म्हणाले. "वाच."

शनिवारी तिने वाचलं. मुलांनी वर्गात दोरी आणि बादली आणून सगळं पुन्हा करून पाहिलं, आणि बैल होण्यावरून मारामारीही झाली. मग मी त्यांना सांगितलं की चिंचोरे शेतावर जाऊन बसत, हे मी पडताळा न घेता सांगत होते. त्याचं मुलांना काहीच वाटलं नाही. मोठी माणसं असं करतात, हे त्यांना आधीपासून माहीत असावं.

मतं झाली. तेवीस तुंगार, दोन चिंचोरे. दोन का, तर त्या दोघांना शेळी आवडली होती.

"बाई, आता तुमचा आवडता कोण?" पार्थने विचारलं. हा मुलगा नको तिथेच बोट ठेवतो.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. "या पानापुरते तुंगार," मी म्हटलं.

"आणि बाकीच्या पानांपुरते?"

"ती अजून कुणी पडताळलीत?"

काकासाहेबांना निकाल कळवला, तेव्हा ते आठ दिवसांच्या देवदर्शनाला निघायच्या गडबडीत होते. "मी म्हनलंच हुतं!" ते फोनवर ओरडले. "सुहाससाहेबांनाबी म्हनलं हुतं. छातीला छातीच लागती!" त्यांच्या आवाजात इतका आनंद होता की मोटेविषयी सांगण्यात अर्थ नव्हता. सांगितलं असतं तरी त्यांनी ती सिंहकेतूची मोटार समजली असती. सुहासने फोनवर मला सांगितलं की मोटेचा तपशील 'इंटरेस्टिंग' आहे, पण तो 'मुख्य नॅरेटिव्ह'चा भाग नाही. ज्याचा अभ्यास तो करतो, त्या पानावरची बैलजोडी त्यालाही पहिल्यांदाच कळली होती. फरक एवढाच की त्याला त्याची लाज वाटली नाही.

सोमवारी मुलं भिंतीवर चौकोन आखायला लागली. पानावर छोटे चौकोन आखायचे, भिंतीवर तेवढेच मोठे आखायचे आणि एकेक चौकोन वर चढवायचा. मी पाहिलं तर रुपालीने सगळ्या पानावर चौकोन आखलेच नव्हते. फक्त सिंहकेतूच्या पायांमधल्या दोन बोटं जागेवर आखले होते.

"बाकीचं?" मी विचारलं.

"बाकीचं कुणी पडताळलंय, बाई? आजीनं फक्त मोट बघितली. एवढ्या मांड्यांचा माणूस कुठं बघायला जायचं?"

मी ठराव काढून वाचला. निवडलेल्या कलाकाराचे चित्र. किती चित्र, ते लिहिलेलं नव्हतं. मी मुलीकडे बघितलं, आणि ती खरोखरच निरागसपणे विचारत होती. मी ठराव मिटून ठेवला आणि तिच्या हातात खडू दिला.

सहा दिवसांत भिंत भरली. डावीकडे विहीर, काठावर चकाकणारी मोट, मग तीस फूट उतरत गेलेला ताणलेला नाडा आणि भिंतीच्या पार उजव्या टोकाला बैल. बनुबाई रोज टेम्पोतून येई, खुर्चीवर बसे आणि "आनखी खाली घ्या त्यास्नी" म्हणून ओरडे. बैलाच्या मानेची शीर पार्थने चार वेळा पुसून काढली. पानात जिथे सिंहकेतूचा पाय त्या जागेच्या कडेला होता, तिथे तो इमानाने आला. विहिरीच्या अलीकडे भली मोठी पिंढरी आणि तिच्याखाली एक वहाण.

रविवारी काकासाहेब आले. गाडीतून उतरून त्यांनी भिंत या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली, मग पुन्हा पाहिली.

"सिंहकेतू कुठाय?"

"हा काय," रुपालीने पिंढरी दाखवली.

"आन बाकीचा?"

"बाकीचा वर गेला, काका. भिंत तेवढी उंच न्हाई."

काकासाहेबांनी खरोखर वर, पत्र्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी सहादेवकडे पाहिलं आणि सहादेवने ठरावाची वही उघडून त्यांच्या सहीवर बोट ठेवलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी ठरावाच्या त्या दोन ओळी वाचल्या. ओठ हलवत वाचल्या.

तेवढ्यात रस्त्यावर एक एसटी थांबली. चहाला उतरलेले दोघे म्हातारे प्रवासी भिंतीसमोर येऊन नाड्यावर बसलेल्या माणसाकडे हात करून एकमेकांशी जोरजोरात बोलत होते. त्यातल्या एकाने फोटो काढला. काकासाहेबांनी ते बघितलं. फोटो काढला जातोय, म्हणजे भिंत चांगली झाली असावी, एवढं त्यांना समजतं.

त्यांनी टोपी सारखी केली, मोबाईल सहादेवच्या हातात दिला आणि त्या पिंढरीशेजारी जाऊन छाती फुगवून उभे राहिले.