शुगरची गोळी

सिद्धूने पहिली लाथ डब्याला मारली, दुसरी गोजरबाईच्या बरगडीत. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा गल्लीत घरंगळला आणि गोळ्यांच्या पट्ट्या गटारापर्यंत पसरल्या.

“माज्या बायकूला काय चारलंस गं, थेरडे?”

त्याची बायको श्रीदेवी शेजारच्या उंबऱ्यावर पडली होती, घामाने चिंब, शुद्ध हरपलेली. आम्ही गल्लीतले वीस-पंचवीस जण बघत उभे होतो. बघत उभं राहण्यात आमचा हात कुणी धरणार नाही.

तो डबा खरं तर सगळ्या गल्लीचा. गोजरबाईचा नवरा धोंडप्पा मधुमेहाने गेला, त्याच्या उरलेल्या गोळ्या तिने त्यात जपल्या. मग घरोघरचं उरलंसुरलं तिच्याकडे यायला लागलं, आणि ताप-खोकला आला की लोक तिथूनच न्यायचे. फुकटचा दवाखाना! मी मेडिकलमध्ये काउंटरला असतो. टाकून दे म्हणून तिला एकदा सांगितलंही होतं.

“मालकाच्या गोळ्या हायत्या गुरु, उकिरड्यावर टाकू व्हय?”

मग मीच शहाणपणा गुंडाळून ठेवला आणि पट्ट्यांवर मार्करने लिहून दिलं: ताप, बीपी, शुगर.

त्या दिवशी श्रावणी सोमवार. श्रीदेवी सकाळपासून उपाशी, विड्या वळता वळता तिला गरगरायला लागलं. “मावशी, चक्कर यायलीय. गोळी हाय का एकादी?” गोजरबाईचे हात तंबाखूत होते. “डब्यात बघ की,” म्हणाली. श्रीदेवीने ‘शुगर’ वाचलं, साखर वाढवणारी गोळी समजली आणि दोन गिळल्या.

तीच पट्टी सिद्धूने बायकोच्या मुठीतून काढून गोजरबाईच्या तोंडावर मारली. “वाच! काय लिवलंय?”

गोजरबाईला वाचता येत नव्हतं. ती रंगावरून ओळखायची. पट्टी बघताच ती किंचाळली, “आरं, मला मागनं मार! आदी तिला साखर चार! आमच्या मालकाला असंच हुयाचं!”

त्याने तिचा हात पिरगाळला. मनगट मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. तशीच ती एका हातावर सरपटत घरात गेली, मूठभर साखर घेऊन आली आणि श्रीदेवीच्या गालाच्या आतून चोळत बसली. पाठीवर लाथा बसतच होत्या. श्रीदेवी कण्हली तेव्हा कुठे त्या थांबल्या. मग रिक्षा आली.

अक्षर माझं होतं. मार तिने खाल्ला. मी तोंड उघडलं नाही.

श्रीदेवी चौथ्या दिवशी दवाखान्यातून घरी आली. मी गोजरबाईकडे गेलो. हात प्लास्टरमध्ये, समोर गोळा केलेल्या पट्ट्या. गोळ्या काढून चहाच्या चोथ्यात कालवायच्या, पिशवीला गाठ मारून घंटागाडीत द्यायची, म्हणजे कुणी उचलून खाणार नाही, असं मी समजावलं. मग खाली बघत म्हणालो, “मावशी, लिवलं तर मी हुतं.”

“ठावं हाय की.”

“मग सांगितलं का न्हाई त्याला?”

“तुला मारलं असतं की रं त्यानं.”

मला तिथे बसवेना, आणि उठवेनाही.

सगळं कालवून झालं. धोंडप्पाची एकच पट्टी उरली. मी हात पुढे केला, तिने दिली नाही.

“चार दिवस ऱ्हायलं हुतं त्येंचं,” म्हणाली.

पट्टी तिने प्लास्टरखाली दाबून धरली आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने चारही गोळ्या एकेक करून चोथ्यात पाडल्या.