दादाच्या तोंडचं वाक्य

“अगं बाई! हे कधीपासून ‘कृपया’ म्हणायला लागले?” तोंडावर हात ठेवून वहिनी हसल्या.

दादाने डाव्या हाताच्या बोटाने पाटीवरचं पेल्याचं चित्र दाबलं होतं आणि पाटी बोलली होती, “कृपया मला थोडं पाणी द्याल का?” बाजारात भाजीचा लिलाव पुकारताना ज्याचा आवाज चार गल्ल्या ओलांडून जायचा, जो भल्याभल्यांची बिनपाण्याने करायचा, त्या दादाच्या तोंडी ‘कृपया’! वाकड्या ओठांनी तोही हसला.

पाटी धाकट्या बहिणीने बनवली होती. सुट्या शब्दांवरून पूर्ण वाक्य रचायला संगणकाला शिकवायचं, हेच तिचं संशोधन. त्यातच उमर गेली. घरात सगळे तिला ‘पंडितीण’ म्हणत. अर्धांगाच्या झटक्याने दादाची उजवी बाजू आणि वाचा एकदमच गेली, तेव्हा तिला वाटलं, आपली विद्या आता तरी घरच्यांच्या कामी येईल.

हसू ओसरल्यावर वहिनींनी खुर्ची पलंगाशी ओढली.

“अहो, पुढच्या आठवड्यात इस्पितळातून सोडतायत. खालच्या खोलीत पलंग लावलाय, उंबऱ्याला उतार करून घेतलाय. येणार ना घरी?”

दादा बराच वेळ पाटी न्याहाळत राहिला. मग त्याने घराचं चित्र दाबलं. आणि त्यानंतर ‘नको’चं.

“मला घरी यायचं नाही,” पाटी स्वच्छ, गोड आवाजात म्हणाली.

वहिनींचा चेहरा खर्रकन उतरला.

“वहिनी, थांबा! तो नुसता अंदाज आहे,” पंडितीण घाईघाईने म्हणाली. “अशा दोन शब्दांवरून लोक बहुतेकदा जे बोलतात, तेच ती बोलते. ‘घरी नेऊन तुला त्रास नको’ असंही असेल. ‘घराशिवाय काही नको’ असंही असेल.”

“मग यातलं कोणतं?”

ती दादाकडे वळली. “दादा, घरी जायचंय ना?” त्याने होकारार्थी मान हलवली. “नाही जायचं?” तशीच हलवली. हो-नाहीतही त्याचा गोंधळ होतो, हे डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिने पाटी सुधारून आणली. आता तिन्ही वाक्यं ऐकून त्यातलं एक निवडता येत होतं. दादाने तिन्ही दाबली, एकामागून एक, आणि शाबासकी मिळेल अशा आशेने बहिणीकडे पाहिलं.

“राहू द्या, वन्सं,” वहिनी म्हणाल्या. “पहिल्यांदा आलं तेच मनातलं. जन्मभर यांच्या शब्दाबाहेर गेले नाही, आता कशाला जाऊ?”

“अहो, तो त्याचा शब्द नव्हता! माझ्या यंत्राचा होता.”

“तुमचंच यंत्र ना? मग ते खोटं कशाला बोलेल?”

याला उत्तर होतं, तासभराच्या व्याख्यानाएवढं. पण वहिनींना सांगता येईल असं त्यातलं एकही वाक्य तिला सापडेना.

घराऐवजी दादाला शुश्रूषागृहात हलवलं. थोड्याच दिवसांत दुसरा झटका आला आणि डावं बोटही उचलेनासं झालं. विचारायचं राहूनच गेलं.

वहिनी रोज येतात. भरवतात, तोंड पुसतात, चादर सारखी करतात. फक्त आत येण्याआधी, दार सताड उघडं असलं तरी, त्यावर हलकेच टकटक करतात आणि पाहुण्यासारख्या क्षणभर बाहेरच थांबतात.